साहेब म्हणाले ‘एवढं जरा बसवून टाक’, तर काय करायचं

परवा रंकाळ्यावर एक पोरगा भेटला, जर्नालिझम करून एका शिक्षण संस्थेत पीआरओ म्हणजे जनसंपर्क अधिकारी म्हणून लागलाय, चारच महिने झालेत. चहा घेताघेता हळूच म्हणाला, दादा, साहेबांनी दहा फेसबुक अकाउंट काढायला सांगितलीत, वेगवेगळ्या नावांची, त्यातली चार बायकांच्या नावानं, आणि फीवरून एक पालक सारखा कमेंट करतोय त्याच्यावर सगळ्यांनी तुटून पडायचं म्हणे. मी म्हटलं मग तू काय केलंस? तर म्हणाला, सहा काढलीत.

हसू पण आलं आणि वाईट पण वाटलं. त्याला तिथं उभ्या उभ्या जे सांगितलं तेच जरा नीट लिहून काढतोय, कारण कोल्हापुरात आता पतसंस्था, कारखाना, दवाखाना, क्लास, अगदी मिसळवाल्यालासुद्धा प्रसिद्धी बघणारा माणूस लागतोय आणि ही पोरं पंधरा-वीस हजारावर लागतात, पहिल्याच महिन्यात कुणीतरी केबिनमध्ये बोलावून म्हणतंय, एवढं जरा बसवून टाक. मी पंधरा वर्षं हेच करतोय, साधू नाही, चुका करून झाल्यात, त्यातली एक खाली सांगतो.

आधी ताकद कुणाकडं आहे ते बघा

मुंबईत कसं, क्लायंट वेगळा, एजन्सी वेगळी, पेपर वेगळा. इथं कारखान्याचे चेअरमन, शिक्षण संस्थेचे अध्यक्ष, पतसंस्थेचे संस्थापक आणि पेपरला वर्षभर पानंच्या पानं जाहिरात देणारे हे बऱ्याचदा एकच गृहस्थ असतात, आणि वाढदिवसाला मिरजकर तिकटीपासून दसरा चौकापर्यंत फ्लेक्सपण त्यांचेच. त्यामुळं तुम्ही दोनशे शब्दांची साधी प्रेसनोट लिहिलीत तरी तिच्यामागं हे सगळं वजन असतंय. वाचणाऱ्याला ते दिसत नाही, पण ज्याच्या अंगावर ती पडते त्याला बरोबर कळतंय.

खोटं लिहू नका हे सगळेच सांगतात. पण निम्म्याहून जास्त लबाड प्रेसनोटांत एक वाक्य खोटं नसतंय. उदाहरण बघा. ऊस तोडून कारखान्याला गेला की १४ दिवसांत एफआरपीचे, म्हणजे सरकारनं ठरवलेल्या किमान दरानं होणारे, पैसे द्यायचे असतात, हे १९६६ च्या ऊस नियंत्रण आदेशातच आहे. आणि बातमी काय येते, ‘शेतकऱ्यांचे हित जपत कारखान्याकडून बिले जमा, ऊस उत्पादकांना मोठा दिलासा’. पैसे जमा झाले हे खरं. दिलासा मिळाला हेही खरं. पण जे कायद्यानं देणं लागतं ते उपकार म्हणून वाढलं, तेही महिनाभर उशिरा, आणि ज्याचा ऊस अजून फडात उभा आहे, तोडणीची टोळी तुमच्याच कारखान्याची यायची आहे, तो शेतकरी यावर काय बोलणार कप्पाळ!

म्हणून मी एकच प्रश्न स्वतःला विचारतो. हे ज्याच्याबद्दल लिहितोय त्याला उत्तर द्यायला जागा आहे काय? विरोधी पॅनेलचा नेता असेल तर खुशाल हाणा, त्याचा स्वतःचा पीआरओ आहे, संध्याकाळपर्यंत तुमचं सालपट काढणारं पत्रक येतंय, बरोबरीचा सामना आहे. पण समोर ठेवीदार असेल, कंत्राटी कामगार असेल, तक्रार केलेली विद्यार्थिनी असेल, तर हात आखडायचा, कारण त्याचं म्हणणं छापायला कुणी बसलेलं नाही.

कधी कधी लहान माणसं एकत्र येऊन जागा काढतात ते वेगळं. जुलै २०२५ मध्ये नांदणी मठाची हत्तीण कोर्टाच्या आदेशानं अंबानींच्या वनतारा प्राणी केंद्रात गेली तेव्हा गावोगावच्या लोकांनी अंबानींच्याच जिओची सिमकार्डं दुसऱ्या कंपनीत पोर्ट केली आणि ऑगस्टमध्ये तिकडून जाहीर निवेदन आलं, नांदणीजवळ केंद्र उभारायचा प्रस्ताव आला. पण तसं दर वेळी होत नसतंय, एकट्या माणसासाठी तर नाहीच.

माझ्या हातची प्रेसनोट

नाव सांगणार नाही, एक पतसंस्था होती, मी प्रसिद्धीचं बघत होतो. एका सोमवारी शटर उघडायच्या आधीच दारात पन्नासेक माणसं, हातात पासबुकं. साहेबांनी आत बोलावलं, फॅन फुल्ल होता तरी घाम पुसत होते. म्हणाले, ठेवी सुरक्षित आहेत, अफवांवर विश्वास ठेवू नका, असं एक झटकन काढ, उद्याच्या पेपरला लागलं पाहिजे. मी विचारलं, सर पैसे आहेत ना? तर म्हणाले, तुला कशाला रे बॅलन्सशीट, तू लिही.

मी लिहिलं. आणि चांगलं लिहिलं, तेच तर वाईट झालं. साहेब नुसतं ‘सुरक्षित’ म्हणाले होते, ‘पूर्णपणे सुरक्षित’ मी केलं, वाचायला बरं वाटतंय म्हणून. तीन पेपरला दोन कॉलम लागलं, साहेबांनी पाठ थोपटली, गर्दी ओसरली.

दहा-बारा दिवसांनी एक आजी आल्या. दुधाच्या पिशवीत गुंडाळलेलं पासबुक, आणि पासबुकात घडी घालून ठेवलेलं ते कात्रण. काउंटरवर कुणी दाद देईना म्हणून माझ्या टेबलाशी आल्या, मी कोण हे त्यांना माहीत नव्हतं. कात्रण उलगडून माझ्यापुढं ठेवलं आणि म्हणाल्या, ‘बाळ, सोमवारी मी लायनीत हुतो की, माझा नंबर सातवा-आठवा आसंल. मंगळवारी नातवानं हे वाचून दाखिवलं, पूर्णपणे म्हणून लिवलंय बघ, म्हणून मी परत आलोच न्हाई.’ सोमवार-मंगळवार लाईनीत थांबलेल्यांना थोडंफार का होईना मिळालं होतं. बुधवारपासून कॅश बंद होती.

बँकेतल्या ठेवीला डीआयसीजीसी या रिझर्व्ह बँकेच्या ठेव विमा संस्थेचं कवच असतंय, २०२० पासून ५ लाखांपर्यंत, त्याआधी १ लाख होतं. पण पतसंस्था म्हणजे बँक नव्हे, तिला ते कवच नाही. मला तेव्हा हे माहीतसुद्धा नव्हतं आणि मी ‘पूर्णपणे’ लिहून मोकळा झालो होतो.

यातून जे शिकलो ते असं. कुठलाही दावा लिहायच्या आधी कागद मागायचा. सुरक्षित म्हणजे कशाच्या जोरावर, लेखापरीक्षकाचा अहवाल कुठाय, आजघडीला हातात रोकड किती, रोज किती देऊ शकतो. कागद मिळाला नाही तर वाक्य बदलायचं: ‘रोज अमुक रकमेपर्यंत पैसे दिले जातील, असे व्यवस्थापक अमुक अमुक यांनी सांगितले.’ खाली साहेबांचं नाव आणि हुद्दा घाला. ही युक्ती सोन्यासारखी आहे, कारण ‘संस्थेच्या वतीने’ म्हणून वाट्टेल ते सांगणारा माणूस स्वतःचं नाव खाली येणार म्हटल्यावर निम्मं आपणहून खोडतो. आणि विशेषणं शेवटी एकदा मोजायची. पूर्णपणे, अत्यंत, केवळ, किरकोळ, तथाकथित. ही पाच काढून टाकली की प्रेसनोट काय सांगते आणि काय झाकते ते उघडं पडतंय.

‘किरकोळ’ कुणासाठी?

अपघाताची प्रेसनोट सगळ्यात घाईत लिहिली जाते आणि सगळ्यात जास्त नुकसान तीच करते. नमुना बघा, अशा डझनभर पाहिल्यात:

‘कारखान्यात काल किरकोळ दुर्घटना घडून एक कामगार किरकोळ जखमी झाला. कामगाराच्या निष्काळजीपणामुळे घटना घडल्याचे प्राथमिक तपासात समजते. उत्पादनावर कोणताही परिणाम झालेला नाही.’

तीन वाक्यं. पहिल्यात ‘किरकोळ’ दोनदा, ते कुणी ठरवलं, भाजलेल्या माणसानं? दुसऱ्यात तपास कुणाचा, तर ज्या मॅनेजरनं मेंटेनन्स पुढं ढकलला त्याचाच. आणि ‘निष्काळजीपणा’ हा शब्द उद्या नुकसानभरपाईच्या वेळी त्याच्या बायकोपुढं कुणीतरी नाचवणार, कात्रणासकट. तिसरं वाक्य कामगारासाठी नाहीच, ते बँकेसाठी आहे. आणि त्या कामगाराला उत्तर द्यायला जागा आहे काय? तो सीपीआरमध्ये, म्हणजे कोल्हापूरच्या सरकारी दवाखान्यात झोपलाय.

आता दुसरी पद्धत, अर्थात यातलं जे खरं असेल तेवढंच लिहायचं:

‘मंगळवारी रात्री साडेनऊच्या सुमारास बॉयलर विभागात वाफेची पाईप फुटून एक कंत्राटी कामगार भाजला. त्याच्यावर सीपीआरमध्ये उपचार सुरू आहेत. खर्च कारखाना करत आहे. कारण अद्याप कळलेले नाही. संबंधित निरीक्षकांना कळवले आहे. पुढील माहिती उद्या दुपारी ४ वाजता देऊ.’

आणि उद्या ४ वाजता खरंच द्यायची, माहिती नसली तरी ‘अजून माहिती नाही’ एवढं सांगायचं. ४ चे ७ झाले की पत्रकार पोरं कामगाराच्या घरी जातात, आणि जायलाच पाहिजे.

हे काही मी शोधलेलं नाही. अमेरिकेत आयव्ही ली नावाचा माणूस होता, पीआरच्या आजोबांपैकी एक. १९०६ मध्ये त्यानं जाहीर केलं की आमचं काम उघड्यावर चालतं, आम्ही अचूक माहिती देऊ, हवं तर तपासून घ्या. त्याच वर्षी रेल्वेचा मोठा अपघात झाला तेव्हा लपवाछपवी न करता पत्रकारांना माहिती दिली. झकास! पण हाच माणूस १९१४ मध्ये काय करतो? कोलोरॅडोत लडलो इथं संपकरी खाणकामगारांच्या तंबूंवर हल्ला झाला, आगीत बायका-पोरं मेली, आणि हा खाणमालक रॉकफेलरच्या बाजूनं पत्रकं काढत बसला, त्यात चुकीची माहिती होती. तत्त्वं त्याला पाठ होती हो, त्यानंच लिहिली होती. पण मालक डोंगराएवढा आणि मेलेला माणूस मुंगीएवढा असला की पाठांतर कामाला येत नाही. उलट उदाहरण १९८२ चं. शिकागो भागात टायलेनॉल या दुखण्यावरच्या औषधाच्या कॅप्सूलमध्ये कुणीतरी सायनाइड मिसळलं, ७ माणसं दगावली, तर ते बनवणाऱ्या जॉन्सन अँड जॉन्सननं लोकांना आमचंच औषध घेऊ नका म्हणून सांगितलं आणि ३ कोटी १० लाख बाटल्या परत मागवल्या. पीआरच्या क्लासमध्ये हे उदाहरण इतकं शिकवतात की कंटाळा येतो, पण त्यातली प्रेसनोट बघू नका, बाटल्या बघा. आधी बाटल्या उचलल्या, म्हणून बोललेलं खरं वाटलं.

साहेबांना ‘नाही’ कसं म्हणायचं

इथं पोरं दोन टोकं गाठतात. एक तर ‘हो सर’ म्हणून सगळं करतात, नाहीतर तत्त्वाचं भाषण देऊन तिसऱ्या दिवशी घरी बसतात. दोन्हीची गरज नाही.

पहिलं म्हणजे ‘एथिक्स’ हा शब्द केबिनमध्ये काढायचाच नाही. तो ऐकला की साहेबांच्या चेहऱ्यावर जे येतं ते बघण्यासारखं असतं. ‘रिस्क’ म्हणा. ‘सर, हे उद्या कोर्टात वाचून दाखवलं तर अंगाशी येईल, एकदा वकीलसाहेबांना दाखवून घेऊ काय?’ संस्थेचे वकील हे तुमचे सगळ्यात चांगले मित्र, कारण त्यांनाही फुकटची केस नको असते, आणि त्यांनी मारलेल्या फुलीवर साहेब चिडत नाहीत.

दुसरं, तोंडी सांगितलेलं लेखी करून घ्यायचं. भांडून नाही, गोडीत. ‘सर, शब्द चुकायला नको, तेवढं व्हॉट्सॲपवर टाका ना.’ दहातली सहा कामं इथंच मरतात. टाकलंच नाही तर आपण टाकायचं, बाहेर आल्या आल्या: ‘सर, आत्ताच्या बोलण्याप्रमाणे कामगाराच्या चुकीमुळे अपघात झाला असे लिहायचे आहे, पण तपासाचा कागद अजून माझ्याकडे नाही. कागद मिळाला की लगेच पाठवतो.’ बघा, नाही म्हटलेलं नाही, उद्धटपणा नाही, पण काय सांगितलं गेलं त्याची नोंद झाली, आणि चेंडू त्यांच्याकडं गेला. माझ्या एका जुन्या साहेबांनी असा मेसेज बघून लगेच फोन केला, ‘अरे एवढं लिहितोस कशाला, राहू दे ते.’ राहू दिलं.

तिसरं, रिकाम्या हातानं जायचं नाही. त्यांना हवा तो मसुदा लिहायचाच नाही, तुमचा मसुदा तयार करून घेऊन जायचा. माणूस घाबरलेला असतो तेव्हा त्याला काहीतरी छापून यायला हवं असतं, काय यावं हे त्याचंही ठरलेलं नसतं बऱ्याचदा. टाईप केलेलं, लेटरहेडवर काढलेलं, नीट वाचता येणारं पत्रक पुढं ठेवलं की निम्म्या वेळा तेच जातंय.

आणि एक साधी वही ठेवा, तारीख, वेळ, कोण काय म्हणालं. घरी ठेवा, ऑफिसात नको. पण ऑफिसचे कागद घरी आणू नका, नाहीतर चोर तुम्हीच ठरता.

बातमी आणि जाहिरात

२००९ च्या विधानसभा निवडणुकीनंतर पत्रकार पी. साईनाथ यांनी दाखवून दिलं की आपल्याच राज्यातल्या वेगवेगळ्या मोठ्या दैनिकांत एकाच नेत्याचं कौतुक शब्दनशब्द सारखं छापून आलंय, बातमी म्हणून. मग वृत्तपत्रांवर लक्ष ठेवणाऱ्या प्रेस कौन्सिलनं दोघांची उपसमिती नेमली, २०१० मध्ये ७१ पानी अहवाल झाला, त्यात पेपरची नावंबिवं होती, आणि कौन्सिलनं काय केलं तर पूर्ण अहवाल बाजूला ठेवून छोटा काढला! पुढं माहिती आयोगाच्या आदेशानंतर २०११ मध्ये सगळा बाहेर आला. पेड न्यूजची व्याख्या सोपी आहे, पैसे किंवा वस्तू घेऊन छापलेली बातमी. निवडणुकीत जिल्ह्याजिल्ह्यात एमसीएमसी ही माध्यमांवर लक्ष ठेवणारी समिती असते, ती असल्या बातम्या पकडून खर्च उमेदवाराच्या नावावर टाकू शकते, म्हणजे तुमच्या हुशारीनं साहेबच अडचणीत येतील हेही सांगून ठेवा.

तुमच्यापुरतं एवढं पाळा. पैसे गेलेत त्या मजकुराची रिलीज ऑर्डर, म्हणजे छापायची लेखी ऑर्डर पाहिजे, बिल पाहिजे, आणि वर ‘जाहिरात’ असं दिसेल एवढ्या अक्षरात पाहिजे. पत्रकार परिषदेला चहा-पोहे द्या, फोल्डरमध्ये कागद द्या, पाकीट देऊ नका. दिवाळीला डेस्कवर सगळ्यांना मिळून मिठाईचा पुडा, कुणाच्या घरी काही नाही.

पण माझ्या मते पाकिटापेक्षा वाईट प्रकार दुसराच आहे आणि त्याला कुणी वाईट म्हणतच नाही. विरोधात बातमी लागली की दुसऱ्या दिवशी पेपरला फोन जातो, अगदी गोड आवाजात, ‘यंदा पुरवणीच्या जाहिरातीचं जरा बघू म्हणालेत साहेब.’ बास. शिवी नाही, धमकी नाही. मीपण हा फोन केलाय, दोनदा. पलीकडं तालुक्याचा वार्ताहर असतो, त्याचं मानधन पेट्रोलला पुरत नाही, त्याच्याच डोक्यावर जाहिरातीचं टार्गेट असतंय आणि बातमी पण त्यानंच दिलेली असते. आता परत तोच प्रश्न घाला, त्याला उत्तर द्यायला जागा आहे काय? बातमी चुकीची असेल तर खुलासा पाठवा, मुद्देसूद, संपादकांच्या नावानं, छापला नाही तर प्रेस कौन्सिलकडं तक्रार करा, तिला दंड करता येत नसला तरी ताशेरे मारता येतात. जाहिरातीचं नाव त्यात काढायचं नाही. या गावचे राजे शाहू महाराज, त्यांनी १९२० मध्ये बाबासाहेबांच्या ‘मूकनायक’ला २५०० रुपये दिले होते, ज्यांना कुठं बोलायला जागा नव्हती त्यांच्या पेपरला. गादीवर बसून पेपरसाठी पैसे असेही खर्च करता येतात. आपले साहेब दर जयंतीला फ्लेक्स लावतात, तेव्हा हेही एकदा सहज कानावर घाला.

रीलवाल्यांचं थोडक्यात: तांबड्या-पांढऱ्याचं ताट फुकट खाऊन ‘जगात भारी’ म्हणणाऱ्या पोराला ‘जाहिरात’ किंवा ‘पेड’ असं लेबल लावायला सांगणं तुमचं काम. जाहिरात क्षेत्राच्या एएससीआय या स्वनियंत्रण संस्थेचे याबद्दलचे नियम २०२१ पासून आहेत, आणि दिशाभूल करणाऱ्या जाहिरातीला ग्राहक प्राधिकरण १० लाखांपर्यंत दंड करू शकतं, परत केलं तर ५० लाख.

खोटी अकाउंटं

आता त्या पोराकडं येतो. लंडनमध्ये बेल पॉटिंजर नावाची पीआर कंपनी होती, मार्गारेट थॅचरबाईंचा प्रचार सांभाळणाऱ्या टिम बेल यांनी उभी केलेली, म्हणजे लई मोठं प्रकरण. २०१६ मध्ये तिनं दक्षिण आफ्रिकेत गुप्ता कुटुंबाच्या कंपनीचं काम घेतलं, महिन्याला १ लाख पौंड. गुप्तांवर सत्ता खिशात घातल्याचे आरोप होत होते, तिकडून लक्ष वळवायला गोऱ्या भांडवलदारांविरुद्ध राग पेटवणारी मोहीम चालली, तीही ज्या देशात वर्णद्वेषाच्या जखमा अजून ओल्या आहेत तिथं. सोबत खोट्या ट्विटर अकाउंटांचा सुळसुळाट. सप्टेंबर २०१७ मध्ये ब्रिटनच्या पीआर संघटनेनं कंपनीला ५ वर्षांसाठी हाकललं आणि त्याच महिन्यात कंपनी बुडाली. एवढी मोठी कंपनी महिन्यात गेली, आपण तर काय.

पोराला मी पहिला प्रश्न विचारला, अकाउंटं कुठल्या नंबरवर काढलीस? म्हणाला, माझ्या आणि आईच्या. बघा म्हणजे! उद्या त्या पालकानं सायबरला तक्रार दिली तर आयपी संस्थेचा, नंबर आईचा, आणि साहेबांचं नाव कुठंच नाही. असल्या कामात हात नेहमी दुसऱ्याचे वापरतात. म्हणून त्याला सांगितलं, सांगितल्याचा मेसेज असेल तर स्क्रीनशॉट काढून ठेव, एकही कमेंट टाकू नकोस, आणि साहेबांना सांग की सर, ही पकडली जातील आणि नंबर ट्रेस होतो, त्यापेक्षा संस्थेच्या खऱ्या पेजवरून उत्तर देऊ. पालक काय विचारतोय? फी कशाची घेतली. मग एका पानावर फी कशाची ते लिहून टाक की! पान लिहिता येत नसेल तर दुखणं फेसबुकवर नाही, ऑफिसात आहे.

एक गोष्ट मात्र अजिबात करायची नाही, त्यात घासाघीसच नाही. संस्थेत कुणा बाईनं लैंगिक छळाची तक्रार केली आणि साहेब म्हणाले ‘तिचं जरा मागचं काढ आणि पेपरवाल्यांना दे’, तर उठून बाहेर यायचं. कामाच्या ठिकाणच्या लैंगिक छळाविरुद्धच्या २०१३ च्या कायद्याच्या कलम १६ प्रमाणं तक्रारदाराचं, ज्याच्यावर तक्रार आहे त्याचं, साक्षीदारांचं नाव आणि चौकशीतलं काहीही प्रसिद्ध करायला बंदी आहे. ‘ऑफ द रेकॉर्ड’ म्हणून कानात सांगणं हेसुद्धा तेच.

महापूर आणि फोटो

राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगा ३९ फुटांवर गेली की इशारा, ४३ ला धोका, हे इथं लहान पोराला पण पाठ आहे. पाणी चढलं की मदत निघते आणि मदतीबरोबर फोटोग्राफर. ऑगस्ट २०१९ च्या महापुरात आपल्याच जिल्ह्यात धान्याच्या पाकिटांवर नेत्यांच्या फोटोचे स्टिकर निघाले आणि देशभर छी-थू झाली. स्टिकर कुणीतरी डिझाईन केला, कुणीतरी प्रिंटला दिला, रात्रभर बसून चिकटवला. तो माणूस आपल्यातलाच असणार.

काम मिळालं तर करायचं असं: पाकिटावर आत काय आहे, तारीख आणि मदतीचा फोन नंबर, एवढंच. फोटो पाहिजेच असेल तर पोती उतरवणाऱ्यांचा काढा. हात पसरलेल्या माणसाचा, त्यातून बाईचा, काढू नका. त्यानं ‘हो’ म्हटलं तरी ते हो नव्हे, कारण पोतं तुमच्या हातात आहे. परवानगी विचारायची तर वाटप झाल्यावर, दुसऱ्या दिवशी.

नावाचंही तसंच. जून २०२५ मध्ये प्राडानं मिलानच्या शोमध्ये आपली चप्पल दाखवली आणि ‘लेदर सँडल’ म्हणून सोडून दिलं, २०१९ पासून जीआय म्हणजे भौगोलिक मानांकन असलेली कोल्हापुरी! ओरड झाल्यावर भारतीय कारागिरीवरून प्रेरणा घेतली हे कबूल केलं, मग जुलैत माणसं पण इकडं पाठवली. आपण सगळ्यांनी शिव्या घातल्या. पण तुमच्या संस्थेच्या कॅलेंडरवर पापाच्या तिकटीच्या कारागिराचा फोटो आहे ना, खाली त्याचं नाव आहे काय बघा जरा.

चूक झाली, नोकरी सोडायची वेळ आली

चुकीचं गेलं असेल तर दुरुस्ती त्याच दिवशी, ज्या ज्या ग्रुपवर आणि पेपरला गेलं तिथंच, ‘सुधारित’ असा गुळगुळीत शब्द न वापरता: ‘काल आम्ही असे म्हटले होते, ते चूक आहे, बरोबर असे आहे.’ मी त्या पतसंस्थेत हे केलं नाही. आजी गेल्यावर लगेच राजीनामा दिला असं सांगायला बरं वाटलं असतं, पण घराचा हप्ता होता, सात महिने काढले आणि मग सोडलं. म्हणून सांगतो, लागल्या दिवसापासून चार-पाच महिन्यांचा खर्च वेगळ्या खात्यात साठवा, थोडा थोडा का होईना. ज्याच्या खात्यात चार महिने आहेत त्याचा ‘वकीलसाहेबांना दाखवू काय सर’ म्हणतानाचा आवाज वेगळाच येतो. आणि ते खातं आपल्याच संस्थेत उघडू नका.

पोराचा रविवारी फोन आला. साहेबांना म्हणे नंबर ट्रेस होतो एवढंच सांगितलं, तर साहेबच म्हणाले, काढून टाक, काढून टाक लगेच. चार डिलीट झाली, दोन होईनात, पासवर्ड विसरलाय. आईचं सिम बंद करायला निघाला होता, म्हटलं थांब गड्या, ओटीपी त्याच नंबरवर येणार, आधी पासवर्ड रिसेट कर, अकाउंट काढ, नुसतं डिॲक्टिव्हेट करू नकोस, ३० दिवसांत परत चुकून पण लॉगिन करू नकोस, मग सिमचं बघ.